काकाजींनी पट्टी मारली तर

अश्विनी, तुझ्या बापानं आज माझा ओठ फाडला. बरं केलं. गोंदियाच्या दवाखान्यात तीन टाके पडले आणि डॉक्टर म्हणाला, आठ दिवस तोंड उघडू नका. कंपाउंडर मला ओळखतो, तो तिथंच हसला. बोलता येत नाही म्हणून लिहून राहिलो. लिहिताना मी शाळेतलं मराठी लिहितो. भांडताना माझं मराठी वेगळं असतं, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. काल आपल्या कारखान्याच्या सेठनं मला तुझ्या खोलीत नेलं, टेबलावरच्या कम्प्युटरकडं बोट दाखवलं आणि माझ्या हातात मोठा घण दिला. म्हणाला, "फोड डालो मिस्त्री. इसी ने मारा है लड़की को." सगळे कारागीर दारात उभे होते. मी घण उचलला. खोटं कायले बोलू, तो खाली आदळावा असं मला फार वाटत होतं. कम्प्युटरचा चुरा झाला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. पोट्टीचं डिझाइन चुकलं, मशीन फुटली, मिस्त्रीनं राग काढला, संपलं. मी घण खाली टेकवला आणि सेठला म्हटलं, आज खांदा दुखून राहिला.

तुला कम्प्युटरनं नाही मारलं. मी मारलं. अकरा दिवस हे मला एकट्यालाच माहीत होतं.

तू पहिल्यांदा शेडमध्ये आली तो दिवस आठवतो का तुला? नागपूरच्या कॉलेजातून शिकून आलेली, सौंदडची पोट्टी, पायात जाडजूड बूट. सेठ म्हणाला, ही आता आपल्या धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या मशीनचं डिझाइन करणार, कम्प्युटरवर. मी तुझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तू माझ्या डाव्या हाताकडं पाहिलं. दोन बोटं नाहीत तिथं. "काकाजी, हे कोनत्या मशीनले देले?" असं सरळ विचारलं तू. चाळीस वर्षांत कोणी असं विचारलं नव्हतं. लोक बोटांकडं पाहून नजर फिरवतात.

मी सांगितलं, दोन वेगवेगळ्या मशीनींना. तेव्हा आमची रीतच तशी होती. मशीन बनवायची, फुल्ल चालवायची, जिथं तुटेल तिथं लोखंड चढवायचं, परत चालवायची. लोखंड तुटलं की आपण शिकतो. तू म्हणाली, "मंग आता मी आधी कम्प्युटरात तोडते. तिथं कोनाचं बोट जात नाई."

आणि तू तोडायची. काय आनंदानं तोडायची. सकाळी मी विडी विझवून आत येईपर्यंत तू आतून ओरडायची, "काकाजी, आज तीन ड्रम फोडले!" कम्प्युटरच्या पडद्यावर धान झोडपणारा दातेरी ड्रम फिरायचा. जिथं ताण नाही तिथं निळा, ताण चढला की पिवळा, आणि फुटायच्या बेताला आला की लाल. फुटला की तू टाळी वाजवायची. मला तुझी चीड यायची. माझ्या उभ्या आयुष्याचं काम तू चहाच्या दोन कपांत करून मोकळी होत होती.

आपलं पहिलं मोठं भांडण माझ्या वेल्डवरून झालं. तू वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे वेल्डिंग आहे का शेनाची गोवरी?" कारागीर हसले. माझ्या हातात वेल्डवरची पपडी झाडायची हातोडी होती. मी तुझ्या खोलीत गेलो आणि तुझा पडदा फोडला. एका घावात नाही, चार घावांत. काचेचे तुकडे तुझ्या केसांत गेले. मला वाटलं आता रडेल, घरी जाईल, सौंदडहून बाप येईल. तू बसल्या जागेवरून चहाचा ग्लास उचलला आणि माझ्या कपाळावर मारला. ती खूण अजून आहे. मंग तू शांतपणे म्हणाली, "आता दोघंई दवाखान्यात चला."

दुसऱ्या दिवशी नवा पडदा आला. त्याच्याभोवती तू लोखंडी अँगलचा पिंजरा बसवला होता. स्वतः वेल्ड केलेला. मी तो पिंजरा पाहिला आणि मला हसू आवरेना. असं घाणेरडं वेल्डिंग मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "हे कायची गोवरी आहे वं?" तूही हसली. त्या दिवसापासून मी तुला वेल्ड शिकवायला लागलो आणि तू मला रंग वाचायला.

मी शिकलो, हे तुझ्यासमोर कधी कबूल केलं नाही. आज करतो. देवरीकडच्या त्या जुन्या मशीनचा शाफ्ट तू पडद्यावर टाकला, बेरिंगजवळ लाल दाखवला आणि म्हणाली, इथं तडा असेल. मी म्हटलं, चार वर्षं चालून राहिली ती मशीन, कायचा तडा. आपण दोघं बसनं गेलो, बेरिंग काढलं, तर केसासारखा तडा, बरोबर तिथंच. त्या घरची बाई रोज त्या शाफ्टपासून हातभर अंतरावर बसून पेंढ्या टाकायची. परतीच्या बसमध्ये तू मला खारे दाणे दिले. त्या दिवशी मला म्हणायचं होतं, पोरी, तू असती तर माझी बोटं असती. नाही म्हटलं.

पण माझी एक खोड तुला मोडता आली नाही. माझा बाप दवनीवाड्यात धान मोजायचा. कुडवाचं माप भरून पोत्यात ओतलं की शेवटी वरून एक ओंजळ टाकायचा. ती मोजात धरायची नाही. ती न टाकता कोणी पोतं शिवलं तर तो बोलणं बंद करायचा. मी धान मोजत नाही, मशीन बनवतो, म्हणून माझी ओंजळ लोखंडाची. माझ्या हातची एकही मशीन वरच्या पट्टीशिवाय शेडच्या बाहेर गेली नाही. कुठंतरी आत, जिथं कोणाला दिसणार नाही तिथं, एक पट्टी जास्त. सेठला माहीत, कारागिरांना माहीत, शेतकरी तर मशीन न्यायला आले की आधी विचारायचे, "मिस्त्री, पट्टी मारली ना?"

तू वैतागून जायची. मी ड्रॉइंगप्रमाणं बनवतो म्हणायचो आणि तू मापायचं वर्नियर घेऊन मशीनच्या आत शिरायची, माझी पट्टी शोधून काढायची. "काकाजी, तुमी जे बनवलं ते सांगत जा नं. मी ते याच्यात टाकते. याले न सांगतलेलं कळत नाई." किती वेळा म्हणाली असशील. शेवटी तू कम्प्युटरातच माझ्यासाठी पट्टी बनवून ठेवली, तयार, उचलून कुठंही लावता येईल अशी. "मन राहत नसेल तर इथं मारा. लोखंडात मारू नका." मी म्हटलं, चित्रातल्या पट्टीनं कोणाचं पोट भरते? मी ती एकदाही लावली नाही.

मंग नवीन ड्रम आला. तुझं सगळ्यात मोठं काम. ड्रमच्या दोन्ही टोकांना जे गोल लोखंडी तवे असतात, त्यांना तू सहा सहा भोकं पाडली. वजन कमी, डिझेल कमी, लहान ट्रॅक्टरवर चालेल. मी म्हटलं, भोकं पाडून कोणतं लोखंड मजबूत झालं आजपर्यंत? तू पडदा दाखवला. भोकांच्या भोवती निळं आणि हिरवं. म्हणाली, तवा थोडा वाकतो, वाकू द्यायचा, म्हणूनच तो तुटत नाही. मी म्हटलं, पडद्यानं धान चुरलं आहे का कधी? तू म्हणाली, तुमचं डोकं चुरायची मशीन पाहिजे आधी. आवाज वाढत गेले. मी हातातला पाना भिंतीवर फेकला, तो तुझ्या कानाजवळून गेला. मी ओरडलो, "हे मशीन कोनाचा तरी जीव घेईल." तू ओरडली, "मंग माझा घेईल. टेस्टले मीच उभी राहीन."

तू रागानं बोलली, पण मी तुला ओळखत होतो. तू उभी राहिलीच असती.

टेस्ट दुसऱ्या दिवशी दुपारी होती, सकाळी तू देवरीला गेली. मी एकटा ड्रमजवळ बसलो. वीस वेळा स्वतःला सांगितलं, पोट्टीनं विचार केला आहे, राहू दे. हात ऐकेना. तू त्या मशीनसमोर उभी राहणार होती, आणि मी ओंजळ न टाकता तुला तिच्यासमोर उभं करू? मी दोन्ही तव्यांच्या भोकांवर आतून पट्ट्या मारल्या. चांगला जाड वेल्ड दिला. अश्विनी, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर वेल्ड होता. तुला कळू नये म्हणून वरून रंग दिला, पत्रा चढवला, रिव्हेट मारून बंद केला.

तू दुपारी बसनं आली. धुळीनं माखलेली, पण खुशीत. म्हणाली, "काकाजी, सुरू करायच्या आधी आत या, एक चित्र दाखवते." मला वाटलं, आत गेलो तर माझ्या तोंडावरून तुला कळेल. मी म्हटलं, लोक थांबून राहिले, नंतर पाहू तुझं चित्र. तू मशीनभोवती फिरली. खिशातून वर्नियर काढलं. बंद पत्र्याकडं पाहिलं, मंग माझ्याकडं.

"काकाजी, ड्रॉइंगसारखंच आहे ना?"

"हो," मी म्हटलं.

तू वर्नियर परत खिशात ठेवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तू माझं काम न मोजता घेतलं. काऊन घेतलं वं? रोज मले खोटारडा म्हने, रोज आत शिरे, अन् त्याच दिवशी तुले काऊन माझा भरोसा वाटला? पत्रा फाडून पाहायचा होता. माझ्या थोबाडीत मारायची होती. एवढी भांडखोर तू, अन् त्या एका दिवशी शहाणी झाली.

तू अंगणात चुन्याची रेघ मारली आणि सगळ्यांना तिच्या मागं उभं केलं. स्वतः रेघेच्या आत राहिली, वेग मोजायचं यंत्र घेऊन. ट्रॅक्टर सुरू झाला. पहिल्या पेंढ्या आत गेल्या आणि खाली धान पडायला लागलं, स्वच्छ, एक दाणा फुटलेला नाही. तू ओंजळीत घेऊन मला दाखवलं. हसली. मंग ड्रायव्हरला हात करून वेग वाढवायला सांगितला. आवाज बदलला. लोखंड तुटायच्या आधी जो आवाज करतं तो मी झोपेतही ओळखतो. मी ओरडलो, बंद कर. ट्रॅक्टरपुढं माझा आवाज कोणाला ऐकू जाणार. पत्रा आतून फाटला. दाते उडून छपरात घुसले. तव्याचा एक तुकडा बाहेर आला आणि तुझ्या गळ्याखाली शिरला.

तू लगेच पडली नाही. दोन पावलं माझ्याकडं आली. मी तुला धरलं, दोन्ही हातांनी ती जागा दाबली, रक्त बोटांतून आणि जिथं बोटं नाहीत तिथून येत राहिलं, त्यात धानाचा कोंडा चिकटत होता. तू काहीतरी विचारून राहिली होती. तोंडातून शब्द येत नव्हता. तुझ्या गळ्याखालून बाहेर राहिलेल्या त्या तुकड्यावर माझी पट्टी होती, आणि तिच्या टोकाला, वेल्ड जिथं संपतो तिथंच तवा तुटला होता. तुझी नजर तिच्यावर होती. तुला कळलं, हे मी पाहिलं. तू माझ्या शर्टाची कॉलर धरून ठेवली होती, ती दवाखान्यात लोकांनी सोडवली.

पोलिसांनी विचारलं, डिझाइन कोनाचं? मी तुझ्या खोलीकडं हात केला. बस्स. एवढंच केलं मी, एक हात वर केला. त्यांनी तुकडे पोत्यात भरून नेले, त्यांना ते सगळं लोखंडच. कारागिरांनी पट्टी पाहिली असेल, पण मला सगळे घाबरतात. मंग तुझा बाप आला. अंगावर शेतातला चिखल तसाच. त्यानं तुझ्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मंग माझ्यासमोर येऊन हात जोडले. "मिस्त्री, माझ्या पोरीच्या चुकीनं तुमाले तर काई लागलं नाई ना?"

मी नाही म्हणून मान हलवली. अश्विनी, मला तेव्हा त्या ट्रॅक्टरखाली टाकायला पाहिजे होतं.

गावात, शेडमध्ये, बाजारात, सगळीकडं एकच बोलणं. शिकलेल्या पोट्टीचं कम्प्युटर चुकलं. माझ्या पाठीवर हात ठेवून लोक म्हणायचे, मिस्त्री, तुमीच बरोबर होते, पडद्यानं कुठं धान चुरते. माझंच वाक्य मला परत देत होते. परवा तुझी तेरवी. तिथंही सगळे हेच बोलणार, तुझ्या आईसमोर.

काल मी घण टेकवल्यावर सगळे गेले, मी तुझ्या खोलीत थांबलो. कम्प्युटर सुरू करायचं तेवढं तू मला शिकवलं होतं. मला वाटलं तो ड्रम एकदा पाहावा, निळा-हिरवा. पिंजऱ्यातून हात घालून पडदा लावला. समोरच तुझ्या कामाची नावं होती, आणि सगळ्यात शेवटी मराठीत लिहिलेलं एक नाव: काकाजींनी पट्टी मारली तर.

मी ते उघडलं. तोच ड्रम. दोन्ही तव्यांच्या भोकांवर माझी पट्टी, तीच तयार करून ठेवलेली, मी कधी न लावलेली. तू लावली होती, आपण भांडलो त्याच संध्याकाळी. मी कुठं मारणार ते तुला माझ्या आधी ठाऊक होतं. पट्टीच्या टोकाला, वेल्ड संपतो तिथं, लालभडक. बाजूला तू माझ्यासाठी लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असं: "काकाजी, इथं पट्टी मारली तर तवा वाकणार नाही आणि टोकाला फुटेल. या एका मशीनले राहू द्या. पुढच्या सगळ्या मशीनींना तुमच्या मनानं मारा, मी मोजणार नाही."

हेच ते चित्र. त्या दुपारी दाखवणार होती ते.

मी त्या खुर्चीत बसून डोकं पिंजऱ्यावर आपटलं. अँगल हलला नाही. वेल्ड घाणेरडा होता तुझा, पण पक्का होता.

आज सकाळी ते चित्र कागदावर काढून घेतलं आणि सौंदडला गेलो. तुझा बाप अंगणात तेरवीसाठी लाकडं फोडत होता. मी उभ्यानंच सांगितलं. पट्टी मी मारली. तिनं विचारलं, मी खोटं बोललो. हा कागद पाहा, तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं कागद पाहिला नाही. कुऱ्हाड टाकली, हातातलं लाकूड तसंच माझ्या तोंडावर मारलं. मी पडलो. त्यानं परत मारलं, पाठीत, खांद्यावर. मी हात वर केले नाहीत. शेजारचे धावत आले, त्याला धरायला लागले, तर तो त्यांच्यावरही लाकूड उगारत होता. मंग एकदम थांबला. धापा टाकत माझ्यावर वाकला.

"मंग तिचं बरोबर होतं?"

तोंडात रक्त होतं. मी म्हटलं, "बरोबर होतं."

"जोरानं बोल."

"पोट्टीचं बरोबर होतं. मीच चुकलो."

त्यानं मला बखोटीला धरून उभं केलं. घरात आवाज दिला, "अवं, बाहेर ये. ऐक हा काय म्हनते." तुझी आई दारात आली, तिला दोन बाया धरून होत्या. मी परत सांगितलं. तिनं तो कागद माझ्या हातातून घेतला आणि पदराआड धरला. मंग तुझा बाप मला तसाच ओढत गल्लीत घेऊन गेला, एकेका दारासमोर उभं करत. प्रत्येक दारात एकच शब्द, "बोल." मी प्रत्येक दारात बोललो. शेवटी शेवटी ओठ इतका सुजला की शब्द फुटेना, तेव्हा माझं वाक्य तोच पूर्ण करायला लागला, रडत, ओरडून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं: माझ्या पोरीचं बरोबर होतं.

उद्या पोलीस ठाण्यात जातो. बोलता आलं नाही तर हेच लिहून देतो. सेठला सकाळीच सांगून आलो, त्या खोलीला कोणी हात लावला तर घण माझ्याकडंच आहे. मी आत गेलो की पुढं काय होईल ते होईल.

जे बनवलं होतं ते सांगितलं, पोरी.